दोघांच्या वजनाची गाडी

गुलमर्गला जाऊन आलेल्यांना स्नोमोबिल काय असते हे सांगायची गरज नाही. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मध्ये सीट आणि कानठळ्या बसवणारं इंजिन. तिथे आपण मागे बसतो, पुढे काश्मिरी भाऊ चालवतो. दहा-पंधरा मिनिटं आपण किंचाळतो, फोटो काढतो आणि खाली येऊन गरमागरम कहवा पितो. संपली राइड. त्या गाडीखाली सस्पेन्शन नावाचा प्रकार आहे, तो बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावावा लागतो, आणि एखाद्या बाईचा अख्खा हिवाळा त्यावर अवलंबून असू शकतो, असं मला कुणी २०२२ मध्ये सांगितलं असतं तर मी हसले असते.

जानेवारी २०२३ मध्ये मी डुलुथला गेले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला, लेक सुपीरियरच्या टोकाला असलेलं हे शहर. तिथे माझी ताई राहते. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. आदल्या उन्हाळ्यात तिचा घटस्फोट झाला होता. भांडणतंटा नाही, कोर्टात आरडाओरडा नाही. अकरा वर्षांनंतर दोघांनी शांतपणे सह्या केल्या आणि तो दुसऱ्या राज्यात निघून गेला. नाशिकमध्ये मात्र शांतता नव्हती. ‘एकटी काय करणार तिथे? नीट जेवत पण नसेल. त्या बर्फात पडली-झडली तर बघायला कोण आहे?’ आईची ही कॅसेट सहा महिने सुरू होती. बाबा बोलत नव्हते, पण रोज डुलुथचं तापमान बघत होते. शेवटी फॅमिली मीटिंगमध्ये ठरलं, की मी फ्रीलान्सर आहे, म्हणजे थोडक्यात रिकामटेकडी आहे, तेव्हा मीच जावं आणि ताईला परत घेऊन यावं. ‘निदान तिचं मन तयार करून ये,’ असं आई एअरपोर्टवर म्हणाली. लॅपटॉप, थर्मल्स, मेतकूट आणि हे मिशन घेऊन मी निघाले.

तो हिवाळा साधासुधा नव्हता. २०२२-२३ च्या मोसमात डुलुथमध्ये १४० इंच बर्फ पडला. साडेतीन मीटर! शहराच्या नोंदींमधला विक्रम. सकाळी दार उघडायचं म्हणजे आधी फावडं शोधायचं. उणे वीसमध्ये पहिला श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात, हे मला कुठल्याच ट्रॅव्हल ब्लॉगने सांगितलं नव्हतं. आणि एवढ्या थंडीत तिथली माणसं घरात बसत नाहीत! मिनेसोटात स्नोमोबिलसाठी २२ हजार मैलांहून जास्त ट्रेल्स आहेत. आपल्याकडे रविवारी बाइक काढून लोणावळ्याला जातात, तसे ते लोक शनिवारी स्लेड काढून जंगलात जातात. तिकडे स्नोमोबिलला ‘स्लेड’ म्हणतात. मी ‘गाडी’च म्हणणार.

ताईच्या गॅरेजमध्ये अशी एक गाडी उभी होती. पावणेतीनशे किलोंची, दोघांना बसायची सीट, मागे टेकायला पाठ. वाटणीत ती ताईला मिळाली होती. म्हणजे त्यालाच न्यायची नव्हती. गाडीवर चादर होती आणि चादरीवर कार्डबोर्डचे खोके.

‘विकणार आहे,’ ताई म्हणाली.

‘का गं? तुला तर जाम आवडायचं. फोटो टाकायचीस की.’

‘ते मागे बसलेले फोटो. डिसेंबरमध्ये तीनदा एकटी घेऊन गेले. पाठ गेली कामातून. हात दोन दिवस वर होत नव्हते. मला नाही झेपत ती.’

हे ‘मला नाही झेपत’ तिने ज्या सुरात म्हटलं, तो सूर माझ्या ओळखीचा नव्हता. ही तीच ताई जी कॉलेजला असताना बाबांची राजदूत किक मारून चालू करायची. आणि खरं सांगायचं तर माझं मिशन त्याच क्षणी सोपं झालं होतं. ज्या माणसाला गॅरेजमधली गाडी झेपत नाही, त्याला तो देश झेपत नाही, हे पटवायला किती वेळ लागतो? पण मला ते बोलवेना.

शेजारी एक आजोबा राहतात. पंचाहत्तरीचे, नॉर्वेजियन वंशाचे, आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेले. आम्ही दोघी आपापसात त्यांना ‘काका’ म्हणायचो. ते गाडी विकत घेणारा कुणी आहे का हे बघून देणार होते, म्हणून एका संध्याकाळी गॅरेजमध्ये आले. ताईने पाठदुखीचं सांगितलं. त्यांनी गाडीच्या मागच्या टोकावर हात ठेवून खाली दाबलं. जेमतेम हलली. मग त्यांनी ताईकडे बघून सरळ विचारलं, ‘सगळे कपडे, बूट, हेल्मेट घालून तुझं वजन किती?’

अमेरिकेत बाईला वजन विचारत नाहीत म्हणे. ताई वजनकाटा घेऊन आली. नुसती ५३ किलो, सगळा जामानिमा चढवून ६१.

‘आणि त्याचं?’

‘शहाण्णव होतं. कपड्यांशिवाय.’

‘आणि तू मागे बसायचीस.’

काकांनी खिशातली पेन्सिल काढून खोक्यावर बेरीज केली. दोघं मिळून, कपड्यांसकट, १६५ किलो. गाडी त्या वजनासाठी लावलेली होती. आणि डिसेंबरपासून तिच्यावर ६१ किलोंची एकटी बाई बसत होती.

आम्ही तिघंही थोडा वेळ गप्प होतो.

आता थोडा फंडा समजून घेऊ. बोअर नाही होणार, प्रॉमिस. तुमच्या बाइकच्या मागच्या शॉकअपला खाली खाचा असतात ना? गॅरेजवाला पाना लावून एक-दोन खाचा वर करतो, ‘मॅडम, डबल सीट जास्त बसता का?’ असं विचारतो. तोच हिशोब. स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची, याला प्रीलोड म्हणतात. स्नोमोबिलमध्ये मागचं सस्पेन्शन बाहेर दिसत नाही, ते त्या रबरी पट्ट्याच्या पोटात असतं. तिथे दोन शॉकअप असतात, एक मधला, एक मागचा. मागच्या बाजूला पुष्कळ गाड्यांना पिळाच्या जाड स्प्रिंग असतात, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात असते तशी, फक्त बोटाएवढ्या जाड तारेची. तिच्या टोकाखाली एक ठोकळा असतो. तो फिरवला की स्प्रिंग कमी-जास्त दाबली जाते. ताईच्या गाडीत त्याला तीन खुणा होत्या. दोन्ही बाजूंचे ठोकळे तिसऱ्या खुणेवर, म्हणजे सगळ्यात कडक.

मोजायची पद्धत इतकी सोपी आहे, की अकरा वर्षांत ती कुणी ताईला दाखवली नाही याचंच मला नवल वाटलं. गाडीचं मागचं टोक धरून वर उचलायचं, सस्पेन्शन पूर्ण लोंबेपर्यंत. जमिनीपासून मागच्या बंपरपर्यंत टेपने मोजायचं. मग चालवणाऱ्याने सगळे कपडे घालून बसायचं, दोनदा-तीनदा उसळी मारायची, स्थिर व्हायचं. पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ‘सॅग’. गाडी आपल्याला बसल्या बसल्या किती मानते, असा त्याचा अर्थ मी लावला. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. ताईच्या गाडीसाठी काकांनी तीन ते साडेतीन इंच धरला होता.

ताई बसली. मी टेप धरला. सव्वा इंच.

‘तू बसली आहेस हे गाडीला अजून कळलेलंच नाही,’ काका म्हणाले.

आणि नुसतं पाठीला धक्के बसतात एवढंच नाही. मागचं टोक असं उंच राहिलं की वजन पुढे सरकतं, स्कींवर. स्की बर्फात रुततात आणि हँडल जड होतं. हात का दुखत होते, तेही मिळालं. डिसेंबरपासून जी बाई स्वतःला कमजोर समजत होती, तिचा दोष एकशेचार किलो वजन नसणं हा होता!

त्या रात्री काकांनी काहीच फिरवलं नाही. उद्या स्वतः करा म्हणाले, पाना देऊन गेले, आणि दोन नियम सांगून गेले. एक, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन, लिहून ठेवायचं. मी पत्रकार, तेव्हा वही माझ्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गॅरेजच्या फरशीवर आडव्या पडून ठोकळे फिरवत होतो. हे काम नाजूक बोटांचं नाही. पाना सटकला की बोटं सोलवटतात, म्हणून जाड हातमोजे घालायचे. एक बाजू फिरवली की दुसरीही तेवढीच, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. दुसऱ्या खुणेवर सॅग आला सव्वादोन. पहिल्या खुणेवर सव्वातीन. ताई गाडीवर बसूनच राहिली. ‘हलते गं ही,’ म्हणाली. पाळण्यात बसल्यासारखी वर-खाली करत होती, हेल्मेटसकट, गॅरेजमध्ये. मी फोटो काढला, पण तो तिने डिलीट करायला लावला.

मग ट्रेल. डुलुथच्या कडेपासून नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल सुरू होतो. लेक सुपीरियरच्या काठाने, पण तळ्यापासून आत, डोंगरातल्या जंगलातून १४६ मैल, थेट ग्रँड मरेपर्यंत. वाटेत फिनलंड नावाचं गावही लागतं. दोन्ही बाजूंना बर्च आणि स्प्रूस, मध्ये पांढरा रस्ता. मिनेसोटात १९७६ नंतर जन्मलेल्या रहिवाशांना स्नोमोबिल चालवायला सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. ताईकडे होतं. मी पाहुणी असले तरी तिने मलाही तो ऑनलाइन कोर्स करायला लावला. ताशी ५० मैलांची मर्यादा, उजवीकडून चालवायचं, अंगाला दोरी बांधायची म्हणजे पडलात तर इंजिन बंद. समोरून येणारा चालक हात वर करून बोटांनी सांगतो, माझ्या मागे अजून किती गाड्या आहेत. मला हे सॉलिड आवडलं. आपल्या घाटात असं कुणी सांगितलं तर?

काकांनी त्यांची जुनी गाडी मला दिली. ते स्वतः आता चालवत नाहीत. पहिली दहा-पंधरा मिनिटं हळू जायचं, कारण शॉकअपमधलं तेल उणे वीसमध्ये मधासारखं घट्ट असतं. ते गरम होईपर्यंत गाडी कशी वाटते यावर मत बनवायचं नाही. हा नियम मला माणसांनाही लागू करावासा वाटतो, पण असो.

ठरलेला एक दोन मैलांचा तुकडा. तिथेच जायचं, तिथूनच यायचं, थांबायचं, वहीत लिहायचं. पहिल्या दिवशीचं माझ्या अक्षरातलं टिपण असं आहे: ‘पाठ ठीक. हँडल हलकं, पण वळताना पुढून घसरते.’ म्हणजे एक दुखणं गेलं, दुसरं आलं. मागची स्प्रिंग ढिली केल्यावर वजन मागे सरकलं, आता स्कींवर पुरेसं उरलं नव्हतं. इथे खरी गंमत सुरू होते. स्नोमोबिलचं सस्पेन्शन म्हणजे मऊ की कडक एवढाच प्रश्न नाही. वजन कुठे ठेवायचं, हा प्रश्न आहे.

पट्ट्याच्या पोटात पुढच्या बाजूला एक जाड पट्टी असते, तिला लिमिटर स्ट्रॅप म्हणतात. आपण पँटच्या बेल्टचं भोक बदलतो, तशी ती आखूड किंवा लांब करता येते. आखूड केली की गाडीचं नाक खाली राहतं, स्की जमिनीला धरून राहतात, वळणं छान घेता येतात. लांब केली की गॅस दिल्यावर नाक वर उठतं आणि गाडी खोल भुसभुशीत बर्फावर होडीसारखी चालते. डोंगरात कमरेएवढ्या बर्फात खेळणाऱ्यांना हे हवं असतं. रोलर फिरवून सपाट केलेल्या ट्रेलवर नको. मधल्या शॉकअपची स्प्रिंग उलट वागते. ती जास्त दाबली तर स्की हलक्या होतात, ढिली केली तर जड. आम्ही पट्टीला हात लावला नाही, मधली स्प्रिंग दोन आटे ढिली केली. वळणावर घसरणं थांबलं. वहीत फक्त ‘वा!’ लिहिलंय.

भूभागाचं गणितही दिवसात बदलतं, हे मला नवीन होतं. ट्रेल सारखी करणारी मोठी यंत्रं बहुतेक रात्री फिरतात, गर्दी नसते आणि थंडीत बर्फ घट्ट बसतो. सकाळी आठला रस्ता इस्त्री केल्यासारखा. शनिवारी दुपारी तीनला तोच रस्ता शेकडो गाड्यांनी उकरलेला, उंटाच्या पाठीसारखा. सकाळी जी मऊ सेटिंग सुख देते, ती दुपारी खड्ड्यात आपटते आणि धक्का थेट मणक्यात. यासाठी काही शॉकअपना एक छोटी चकती असते, फिरवली की टिक-टिक वाजते. दबताना किती विरोध करायचा, ते तिने ठरतं. आमच्या गाडीला मागे होती. दुपारी तीन टिक कडक, सकाळी तीन टिक मऊ. ताई हे हातमोजा न काढता करायला शिकली.

तीन आठवडे आमचं हे चाललं होतं. ताई कामावरून चारला यायची, थोड्या वेळात अंधार पडायचा, म्हणून खरं काम शनिवार-रविवारीच. एरवी मी माझे लेख लिहायचे, वरणभात लावायचे आणि स्नोमोबिलचा इतिहास वाचायचे. त्यातलं एक सांगते. मुंबईकरांना ‘बंबार्डियर’ हा शब्द लोकलमुळे माहीत आहे, २०१५ पासून धावू लागलेल्या त्या गाड्या. तो मुळात माणूस होता, जोसेफ-आर्मां बंबार्डिए, कॅनडातल्या क्युबेकच्या व्हॅलकूर गावचा मेकॅनिक. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, हॉस्पिटलपर्यंत पोचता येईना. मुलगा गेला. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा ध्यास त्याला आधीपासून होता, त्यानंतर तो थांबलाच नाही. १९३७ मध्ये सात माणसांची बर्फगाडी आणि १९५९ मध्ये ‘स्की-डू’. स्की-डूचा धंदा २००३ मध्ये मूळ कंपनीपासून वेगळा झाला. मिनेसोटाच्या रोझो गावातली पोलारिस कंपनी १९५४ ची. गंमत म्हणून सुरू झालेली वाटते ही गाडी, पण तिच्या मुळाशी ‘बर्फात अडकलो तर बघायला कोण आहे?’ हाच प्रश्न आहे. आईचाच की.

आईचा फोन रोज यायचा. ‘विषय काढलास का?’

काढला एकदा. ट्रेलच्या कडेला थांबलो होतो, थर्मासमधला चहा वाफाळत होता. मी म्हटलं, ‘ताई, आई-बाबांचं म्हणणं आहे की तू परत यावंस.’

‘माहितीये. तुला त्यासाठीच पाठवलंय.’

‘तुझं काय म्हणणं आहे?’

तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, ‘डिसेंबरमध्ये विचारलं असतंस तर आले असते. तिसऱ्यांदा पाठ धरली ना, तेव्हा घरी येऊन तिकिटं बघितली होती मी. सगळंच असं वाटत होतं. घर मोठं, बेड मोठा, फ्रिज मोठा, बिलं दोघांची. बर्फ काढायचं मशीनसुद्धा त्याच्या उंचीचं. मला वाटलं, मीच कमी पडतेय.’ आणि चहाचा कप झटकून म्हणाली, ‘त्या मशीनचं हँडलही खाली येतं. परवा बघितलं. दोन नट आहेत.’

ती परत येणार नाही असं ती म्हणाली नाही. येईन असंही नाही. मी आईला त्या रात्री सांगितलं की ताईने कामाला सुरुवात केली आहे. आई म्हणाली, ‘कसल्या?’ मी म्हटलं, ‘नटबोल्ट.’ फोन बाबांकडे गेला. बाबांनी पाऊण तास सस्पेन्शन समजून घेतलं. राजदूतला असली सोय नव्हती, असं म्हणाले. त्यांचा आवाज कित्येक महिन्यांनी नॉर्मल होता.

फेब्रुवारीच्या मध्यात, माझ्या परतीच्या आधीच्या शनिवारी ताई एकटी चाळीस मैल जाऊन आली. मी सोबत गेले नाही, तिनेच नको म्हटलं. मी खिडकीत. काका त्यांच्या खिडकीत. तीन वाजता इंजिनचा आवाज आला आणि काकांचा पडदा सरकला. ताई आत आली, बूट काढले, खाली वाकली, उठली, पुन्हा वाकली. ‘दुखत नाहीये,’ म्हणाली. मग दोन वाट्या आमटी प्यायली आणि सोफ्यावर झोपली. गाडी विकायचं काकांना कुणी पुन्हा सांगितलं नाही.

पुढचा हिवाळा, २०२३-२४ चा, अगदी उलटा निघाला. बर्फच नाही. ट्रेल्स कोरडे, त्या भागातली प्रसिद्ध बेअरग्रीझ ही कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यतही बर्फाअभावी रद्द करावी लागली. विक्रमी बर्फानंतर लगेच हे. तिकडे लोक आता हिवाळ्याबद्दल आपण पावसाळ्याबद्दल बोलतो तसं बोलतात. ताईची गाडी अख्खा मोसम गॅरेजमध्ये उभी. चादर मात्र नव्हती आणि खोकेही.

जानेवारीत तिचा फोन आला. पुण्यात रात्रीचे अकरा. ‘बर्फ नाही, म्हणून गॅरेजमध्येच कपडे घालून बसले आज,’ म्हणाली. ‘शेजारच्या काकांनी टेप धरला. सॅग जास्त येतोय, साडेतीनच्या पुढे. वजन केलं तर चार किलो वाढलंय.’

‘मग? एक खूण वर घे.’

‘घेतली. पण तू आईला सांग ना, नीट जेवतेय म्हणून.’